सातबाऱ्याखालचा कातळ

वाशिम जिल्ह्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने आपल्याच शेतात साठ मीटर किंवा त्याहून खोल विहीर घ्यायची ठरवली, तर महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम तिला ‘खोल विहीर’ म्हणतो आणि तिच्यावर निर्बंध घालतो. उद्या एखाद्या कंपनीने त्याच शिवारात आठशे मीटरचे भोक पाडून त्यातून कार्बन डायऑक्साइड कायमचा खाली गाडायचे ठरवले, तर तिने कोणत्या कायद्याखाली, कोणाकडे अर्ज करायचा, याचे सरळ उत्तर देणारा कायदा आज देशात नाही. हे पुस्तक त्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

वाशिमच का, असे कोणीही विचारील. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा सोयाबीन आणि तुरीवर जगतो. २०१८ मध्ये केंद्राने देशातले मागे राहिलेले जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार होते आणि वाशिम त्यांपैकी एक. इथे मोठे औष्णिक वीज केंद्र नाही. जवळचे म्हणजे शेजारच्या अकोला जिल्ह्यातले पारस, ५०० मेगावॅटचे. मग धुराचा कायदा वाशिमकरांनी का वाचावा? कारण धूर निघतो एका ठिकाणी आणि तो पुरायला जागा लागते दुसऱ्या ठिकाणी. ती जागा कशी असावी याचा शोध घेणाऱ्यांची नजर आपल्या पायाखालच्या काळ्या कातळावर पडलेली आहे.

हा कातळ म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि आज त्यांनी जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे. एरवी जगात कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, पुरतात तो वाळूच्या दगडांत, खाऱ्या पाण्याच्या खोल थरांत किंवा तेल संपलेल्या विहिरींत. नॉर्वेने १९९६ पासून उत्तर समुद्राच्या तळाखाली, स्लाइप्नर इथे, तेच केले आहे. तिथे वायू सुटाच राहतो आणि वरच्या घट्ट थराने त्याला दाबून धरावे लागते. बेसॉल्टची गोष्ट निराळी आहे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर. कर्बवायू मिसळलेले पाणी त्यात शिरले की रासायनिक क्रिया होऊन वायूचा दगड बनतो. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये हा प्रयोग केला आणि सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत खनिज झाल्याचे २०१६ मध्ये जाहीर केले. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, वलुला इथे, २०१३ मध्ये बेसॉल्टमध्येच सुमारे एक हजार टन वायू सोडून पाहिला गेला. आपल्याकडे विहीर खोदताना काळ्या दगडाच्या पोटातून पांढरे चकचकीत खडे निघतात. त्यांतले काही कॅल्साइटचे असतात, म्हणजे निसर्गाने फार पूर्वी बांधून ठेवलेला कर्ब. तेव्हा रसायन नवे नाही, ते घाईने आणि व्यापारासाठी करणे नवे आहे.

नीती आयोगाने २०२२ च्या अखेरीस या विषयावर धोरणाचा आराखडा मांडला. त्यात देशातल्या बेसॉल्टची साठवणक्षमता ९७ ते ३१६ अब्ज टन धरली आहे. खालचा आकडा आणि वरचा आकडा यांत तिपटीहून अधिक अंतर आहे, आणि हे अंतर नीट लक्षात ठेवावे. हा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. कोयनेच्या संशोधन-विहिरीत बेसॉल्टचा थर १,२४७ मीटर जाड लागला, किल्लारीला तो ३३८ मीटरवर संपला. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना थर पातळ होतो. कर्बवायू दाबाखाली द्रवासारखा दाट ठेवायचा तर साधारण आठशे मीटरची खोली लागते. त्यामुळे नकाशात काळी रंगवलेली प्रत्येक जागा कामाची ठरेल असे नाही. वाशिम उद्या या यादीत असेल किंवा नसेल. पण आपले नाव यादीत आल्यावर कायदा वाचायला घेणे म्हणजे घराला आग लागल्यावर विहीर खणायला बसणे होय.

आता कायद्याकडे. सुरुवात सातबाऱ्यापासून करू, कारण विदर्भातल्या माणसाला जमिनीचा कायदा म्हटले की तोच कागद आठवतो. त्यावर भोगवटादाराचे नाव असते, क्षेत्र असते, आकार असतो, इतर हक्क असतात. हे सगळे पृष्ठभागाचे. खाली काय आणि ते कोणाचे, यावर तो कागद गप्प असतो. हा प्रश्न मात्र जुना आहे. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. त्या घराण्यातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिमलाच सापडला. वाकाटकांच्या दानपत्रांत गाव देताना जमिनीतले निधी आणि उपनिधीही दिल्याचा उल्लेख येतो. दीड हजार वर्षांपूर्वीच्या लेखकांना वर आणि खाली हे दोन वेगळे हक्क आहेत एवढे कळत होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ ने तोच प्रश्न उलट बाजूने सोडवला. जमिनीवर किंवा जमिनीखाली कुठेही सापडणाऱ्या सर्व खनिजांचा हक्क त्याने राज्य शासनाकडे राखून ठेवला.

पण खडकातली पोकळी हे खनिज आहे का? नाही. पोकळी म्हणजे खनिज नसलेली जागा. ती शेतकऱ्याची की सरकारची, हे कलम ४८ सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थ्रेसियाम्मा जेकब प्रकरणात, केरळातल्या मलबार भागातल्या जन्मी जमिनींच्या संदर्भात, असे म्हटले की कायद्याने हक्क काढून घेतला नसेल तर जमिनीखालच्या संपत्तीची मालकी साधारणपणे वरच्या मालकीमागे जाते. हे तत्त्व पोकळीला लावले तर वाशिमचा अल्पभूधारक शेतकरी आठशे मीटर खालच्या भोकांचाही मालक ठरतो. सरकार तसे ठरू देईल का, हा पुढचा प्रश्न. आणि तो कायद्याहून अधिक राजकारणाचा आहे.

इतर देशांनी इथे दोन वेगळ्या वाटा धरल्या. अमेरिकेत वायोमिंगने २००८ मध्ये आणि नॉर्थ डकोटाने २००९ मध्ये कायदा करून सांगितले की खडकातली रिकामी जागा पृष्ठभागाच्या मालकाची. मात्र नॉर्थ डकोटात साठ टक्के जागेच्या मालकांनी होकार दिला की उरलेल्यांना सामील करून घेता येते, त्यांची मर्जी असो वा नसो. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांताने २०१० मध्ये उलट केले. पोकळी सरकारची म्हणून जाहीर केली आणि वाद मिटवला. सुटसुटीत कारभार पाहिजे असेल तर अल्बर्टाचा मार्ग बरा दिसतो. खाली सोडलेला वायू काही चौरस किलोमीटर पसरतो. वायोमिंगचे गुरांचे मळे मोठे, आपल्याकडे मात्र तेवढ्यात शेकडो सातबारे येतील, त्यांत वाटण्या न झालेले, मयताच्या नावावर राहिलेले, वादात अडकलेले किती असतील ते तलाठ्यालाच ठाऊक. पण अल्बर्टाचा मार्ग जशाचा तसा आणला तर शेतकरी आपल्या शेतातल्या कामाचा नुसता प्रेक्षक होतो. माझे मत असे की पोकळीचा ताबा शासनाकडे असावा, पण तिचे वार्षिक भाडे ग्रामपंचायत आणि भोगवटादार यांच्यात वाटले जावे, आणि खाली वायू आहे ही नोंद ‘इतर हक्क’ या सदरात ठळकपणे व्हावी. जमीन विकत घेणाऱ्याला ती दिसली पाहिजे. या मताला विरोध होऊ शकतो, आणि मालकीच्या प्रकरणात तो विरोधही मी मांडला आहे.

बेसॉल्टमुळे इथे एक गमतीचा पेच पडतो, जो वाळूच्या दगडांत पडत नाही. कंपनीने सोडलेला वायू कंपनीचा. दोन वर्षांनी त्याचा कॅल्साइट झाला. कॅल्साइट हे खनिज. कलम ४८ नुसार खनिजावर हक्क राज्याचा. म्हणजे कंपनीच्या मालाचे रूपांतर होताच तो सरकारजमा झाला का? आणि झाला असेल तर त्याची जबाबदारीही सरकारकडे गेली का? एखादा चलाख वकील हा युक्तिवाद केल्याशिवाय राहणार नाही. मसुदा लिहिणाऱ्यांनी याची सोय आधीच करून ठेवावी.

जबाबदारी हा या सगळ्या कायद्याचा कणा आहे, आणि इथे मी वाचकाला थोडे थांबवणार आहे. कारखाना तीस-चाळीस वर्षे चालतो. पुरलेला वायू शेकडो वर्षे जागच्या जागी राहायला हवा. मधल्या काळात कंपनी विकली जाईल, विलीन होईल, बुडेल. युरोपीय संघाने २००९ च्या निर्देशात यावर तोडगा काढला. विहीर बंद केल्यावर साधारण किमान वीस वर्षे जबाबदारी कंपनीची; वायू स्थिर झाल्याची खात्री पटली की ती सरकारकडे जाते, पण जाताना कंपनीने निदान पुढच्या तीस वर्षांच्या देखरेखीचा खर्च भरून जायचा. अमेरिकेत २०१० च्या नियमांनी अशा विहिरींचा सहावा वर्ग निर्माण केला आणि बंद केल्यानंतरच्या देखरेखीची मुदत साधारण पन्नास वर्षे ठेवली. शिवाय परवाना देतानाच कंपनीकडून पैशांची हमी घेतली जाते.

आपल्याकडे काय आहे? एक चांगली गोष्ट आहे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घातक उद्योगांसाठी पूर्ण दायित्वाचे तत्त्व सांगितले. चूक कोणाची हे विचारायचे नाही. धंदा तुमचा, तर नुकसान तुमच्या अंगावर. हे तत्त्व इंग्लंडच्या जुन्या नियमाहून कडक आहे आणि त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण तत्त्व आणि वसुली यांत अंतर असते. भोपाळच्या कारखान्यातला ३३७ टन विषारी कचरा जाळण्यासाठी पीथमपूरला हलवला गेला तो २०२५ च्या जानेवारीत. चाळीस वर्षे तो तिथेच पडून होता. ज्याने केले तो निघून गेला, नाव बदलले, मालक बदलले. झळ बसली ती आजूबाजूच्या वस्त्यांना आणि खर्च आला तिजोरीवर.

त्यात २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने एक नवी खिडकी उघडून ठेवली आहे. बुडालेली कंपनी नव्या मालकाने घेतली की त्याला कोरी पाटी मिळावी, हा त्या संहितेचा हेतू. २०२१ च्या घनश्याम मिश्रा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मंजूर आराखड्यात नसलेले जुने दावे, सरकारचेही, संपुष्टात येतात. बँकांसाठी हे ठीक. पण तीस वर्षांनी ज्या विहिरीतून वायू वर येईल, तिचा दावा आराखड्यात आज कोण लिहून ठेवणार? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जायचे म्हटले तर तिथेही घड्याळ आहे. २०१० च्या कायद्याने तंटा मांडायला वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिने आणि भरपाई मागायला पाच वर्षे दिली आहेत. जमिनीखालची गळती तारखेने येत नाही. हळूहळू पाणी आंबट होते, मग कोणीतरी नमुना तपासतो, मग कळते. भूगर्भातल्या साठ्यासाठी मुदत गळती उघड झाल्यापासून मोजली जावी, आणि दिवाळखोरीत साठ्याची जबाबदारी पुसली जाऊ नये, या दोन दुरुस्त्या नसतील तर बाकीचा कायदा कितीही सुरेख असला तरी मी त्याला नापास म्हणेन.

पाण्याबद्दल बोलताना वाशिमचा वाचक अधिक सावध होईल, आणि त्याने व्हावे. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ ने ‘प्रवाह’ या शब्दाच्या व्याख्येत भूमिगत पाणीही धरले आहे, आणि कलम २४ प्रवाहात किंवा विहिरीत प्रदूषक पदार्थ सोडायला मनाई करते. अक्षरशः वाचले तर कर्बवायू मिसळलेले आम्लधर्मी पाणी खोल थरात सोडणे हा त्या कलमाचा भंग ठरू शकतो. सैल वाचले तर काहीच ठरत नाही. कायदा एकाच वेळी अति कडक आणि अति ढिला असण्याचे हे उत्तम उदाहरण. अमेरिकेने आपला नियम १९७४ च्या पेयजल कायद्याखाली बसवला, कारण त्यांनी मूळ प्रश्नच असा विचारला की पिण्याच्या पाण्याचा थर सुरक्षित राहतो की नाही. इलिनॉय राज्याने २०२५ मध्ये महोमेट या भूजलसाठ्याच्या बाबतीत कर्बवायूच्या साठवणुकीला बंदीच केली. आपल्याकडे बेसॉल्टचे थर आणि त्यांतल्या भेगा म्हणजेच आपले भूजल. वरचे थर पिण्याचे आणि ओलिताचे, खालचे थर पुरायचे, ही रेघ कुठे ओढायची ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने ठरवले पाहिजे, कंपनीच्या सल्लागाराने नव्हे.

दुसरा मुद्दा पाणी बिघडण्याचा नाही, पाणी लागण्याचा आहे. कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायू विरघळवायला सुमारे पंचवीस टन पाणी लागते. ढोबळ हिशेब करून पाहू. कोळशावरच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो कर्बवायू निघतो. पारसचे केंद्र वर्षभर बऱ्यापैकी चालले तर ३० लाख टनांच्या आसपास वायू होतो. तो सगळा या पद्धतीने पुरायचा तर साडेसात कोटी टन, म्हणजे ७५ दशलक्ष घनमीटर पाणी दरसाल. वाशिम शहराला पाणी देणाऱ्या एकबुर्जीच्या साठ्याच्या हे कितीतरी पट आहे. त्याच खोल थरातले पाणी वर काढून पुन्हा वापरता येते हे खरे, आइसलँड तसे करतेही. खाऱ्या पाण्यावरही प्रयोग झाले आहेत. पण आइसलँडमध्ये पावसाची वाट पाहत बसलेला शेतकरी नाही. साठवणुकीच्या परवान्यात पाण्याचा स्रोत लिहिलेला नसेल तर तो परवाना वाशिममध्ये वैध मानू नये, इतके साधे कलम पुरेसे आहे.

वायू इथवर येणार कसा? नळाने. समृद्धी महामार्गाच्या कडेने गेलची मुंबई–नागपूर–झारसुगुडा वायुवाहिनी टाकताना या भागाला नळाच्या कायद्याची ओळख झालेलीच आहे. १९६२ चा पेट्रोलियम आणि खनिज नलिका अधिनियम जमीन घेत नाही, वापरहक्क घेतो. शेतकरी वर पीक घेऊ शकतो, पण त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, झाड लावता येत नाही, आणि या हक्काबद्दल जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के मिळतात. कर्बवायू हे पेट्रोलियमही नाही आणि खनिजही नाही, म्हणून त्याला या कायद्यात बसवायचे तर ओढाताण होईल; पण सरकारे अशी ओढाताण करतात. धोकाही वेगळा आहे. हा वायू पेट घेत नाही, पण हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो आणि श्वास कोंडतो. २२ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेत मिसिसिपीतल्या सटार्शिया गावाजवळ असा नळ फुटला. पावसाने खचलेल्या मातीने तो ओढला गेला होता. पंचेचाळीस माणसे रुग्णालयात गेली आणि प्राणवायूअभावी मोटारींची इंजिने बंद पडली, त्यामुळे पळून जाणेही अवघड झाले. साउथ डकोटातल्या शेतकऱ्यांनी पुढे इतका रेटा लावला की २०२५ च्या मार्चमध्ये त्या राज्याने कर्बवायूच्या नळासाठी सक्तीने जमीन घेण्यावर बंदीचा कायदा केला. मका आणि सोयाबीन पिकवणारा तो मुलूख. आपल्या सोयाबीनवाल्यांनी या बातमीकडे लक्ष द्यायला हरकत नाही.

भूकंपाचा विषय काढला की लोक कोयना आठवतात, आणि ते योग्यच आहे. डिसेंबर १९६७ चा भूकंप धरणाच्या पाण्याशी जोडला गेला तेव्हापासून जमिनीखालचा दाब बदलला की कातळ हलू शकतो हे आपल्याला माहीत आहे. वाशिमला याची आणखी एक बाजू आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा, लायगो-इंडिया, उभी राहणार आहे. केंद्राने २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रोटॉनहूनही सूक्ष्म हालचाल मोजणारे हे यंत्र शांत जमीन शोधत इथवर आले. या वेधशाळेपासून किती अंतरापर्यंत जमिनीत दाबाने काही सोडायचे नाही, हे नियमात लिहिलेले असावे. नाहीतर एक केंद्रीय प्रकल्प दुसऱ्या केंद्रीय प्रकल्पाच्या कानात ओरडत बसेल.

आता परवानगीचा मार्ग. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना कोणत्या प्रकल्पाला जनसुनावणी लागते हे ठरवते. तिच्या अनुसूचीत कर्बवायूच्या भूगर्भीय साठवणुकीची स्वतंत्र नोंद नाही. १९४८ चा तेलक्षेत्र कायदा २०२५ मध्ये सुधारला गेला, पण त्याचा रोख तेल-वायूच्या पट्ट्यांवर आहे; विदर्भाचा बेसॉल्ट त्यात कुठे बसत नाही. ग्रामसभेचे काय? १९९६ चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रांपुरता. लगतच्या यवतमाळ आणि अमरावतीचे काही भाग त्यात येतात, वाशिम येत नाही. म्हणजे सीमेपलीकडच्या गावाला जो आवाज आहे तोही इथे नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जमीन आणि पाणी राज्याकडे, तेलक्षेत्रे केंद्राकडे, खाणी दोघांत वाटलेल्या. पोकळी कोणाच्याच यादीत नाही. जपानने २०२४ मध्ये आणि मलेशियाने २०२५ मध्ये या विषयाचे स्वतंत्र कायदे केले. ऑस्ट्रेलियाचा २००६ चा कायदा समुद्रापुरता आहे. आपल्याकडे संसदेने एक कायदा करावा आणि त्यात पाणी, जमीन व स्थानिक संमती यांवर राज्याचा नकाराधिकार ठेवावा, असे मला वाटते. केवळ आदेश आणि मार्गदर्शक तत्त्वे काढून काम भागवण्याचा मोह दिल्लीला होईल. मार्गदर्शक तत्त्वांवर न्यायालयात फार वेळ उभे राहता येत नाही.

पैशाची बाजू मी मुद्दाम मागे ठेवली. ऊर्जा संवर्धन कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने कार्बन क्रेडिटच्या व्यापाराचे दार उघडले आणि जून २०२३ मध्ये केंद्राने त्याची योजना अधिसूचित केली. अमेरिकेत पुरलेल्या प्रत्येक टनामागे करसवलत मिळते. २०२२ मध्ये ती ८५ डॉलरपर्यंत वाढवली गेली आणि लगेच अर्जांची रांग लागली. आपल्याकडेही पैसा आला की विहिरी येतील. तेव्हा क्रेडिट कोणाच्या नावावर जमा होणार आणि पुढे वायू निसटला तर ते कोण परत करणार, हे आधी ठरलेले बरे. याचे एक सौम्य रूप शेतात येऊन पोचलेच आहे. बेसॉल्टची भुकटी शेतात पसरून हवेतला कर्ब बांधण्याच्या कामासाठी भारतातल्या लहान शेतकऱ्यांबरोबर काम करणाऱ्या माती कार्बन या संस्थेला २०२५ मध्ये एक्सप्राइझचे पाच कोटी डॉलरचे पारितोषिक मिळाले. काम चांगले आहे. पण करारावर सही करणाऱ्या शेतकऱ्याने क्रेडिटचे कलम वाचूनच सही करावी.

कोळशाच्या केंद्रांना दीर्घायुष्य द्यायला ही साठवणूक वापरायची असेल तर मला ती पटत नाही. वायू पकडायला त्याच केंद्राची बरीच वीज खर्च होते, आणि या उन्हाच्या प्रदेशात सौर वीज स्वस्त आहे. सिमेंटचे तसे नाही. चुनखडी भाजली की कर्बवायू निघतोच, इंधन कोणतेही वापरा. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या सिमेंटला उद्या हा मार्ग लागेल, आणि तेव्हा पश्चिमेकडचा जाड कातळ शोधला जाईल. म्हणून विरोधासाठी विरोध करणाऱ्यांनाही हे पुस्तक उपयोगी पडेल, आणि प्रकल्प आणू पाहणाऱ्यांनाही. प्रकरणांचा क्रम मालकी, पाणी, नळ, दायित्व, परवाना असा आहे. वकिलांनी दायित्वापासून सुरुवात केली तरी चालेल, सरपंचांनी मात्र पाण्यापासून करावी.

एक शेवटची विनंती. केंद्र सरकार पर्यावरणाच्या नियमांचा मसुदा काढते तेव्हा हरकतींसाठी साधारण साठ दिवस मिळतात. २०२० च्या मूल्यांकन अधिसूचनेचा मसुदा फक्त हिंदी-इंग्रजीत निघाला होता. तो आठव्या अनुसूचीतल्या भाषांत उपलब्ध करून द्यावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला होता. साठवणुकीच्या नियमांचा मसुदा निघेल तेव्हा तो मराठीत मागून घ्या, ग्रामसभेत वाचा, आणि आपल्या गट क्रमांकासह लेखी हरकत मुदतीच्या आत पाठवा.